हिरवी पास झाली त्याची गोष्ट

मासिकाची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "आप्पा, दिवाळी अंकासाठी गॅरेजच्या गमतीजमती लिहा." मी म्हटलं, गॅरेजमध्ये गंमत गिऱ्हाइकाची होते, मिस्त्रीची नुसती कंबर धरते. तेवढ्यात बायको आतून ओरडली, "लिहा की! रोज मलाच ऐकवता, त्यापेक्षा लोकांना ऐकवा." म्हणून बसलो. हाताला लेखणीपेक्षा पान्ह्याची सवय जास्त, तेव्हा कुठे एखादा नट ढिला राहिला तर सांभाळून घ्या.

माझं गॅरेज खोपोलीत, घाटाच्या पायथ्याशी. घाट चढताना दम सोडलेली आणि घाट उतरताना ब्रेक जाळलेली, दोन्ही जातींची गाडी शेवटी माझ्याच दारात यायची. ट्रक, टेंपो, जीपा, खंडाळ्याच्या बंगलेवाल्यांच्या लांबलचक अमेरिकन मोटारी, सगळ्यांची पोटं मी उघडून पाहिली आहेत. पण कर्जतपासून रसायनीपर्यंतची माणसं माझं नाव घ्यायची ती एका कामासाठी. जुन्या गाडीत नवं इंजिन बसवायचं, आणि तेही कायद्याने. नुसतं बसवून देणारे काय, पोत्याने होते.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी जरा फोड करून सांगतो. पेट्रोलचे भाव भडकले तेव्हा बंगलेवाल्यांनी त्या मोठ्या अमेरिकन गाड्या मिळेल त्या किमतीला काढल्या, आणि आमच्याकडच्या टॅक्सीवाल्यांनी घेतल्या. घ्यायला स्वस्त, पोसायला महाग. मग त्यात टेंपोचं डिझेल इंजिन बसवायची टूम निघाली. इंजिन बसतं, त्याचं काही नाही. पण गाडीच्या आरसी बुकात इंजिनचा नंबर असतो, इंधन लिहिलेलं असतं आणि चासीचा नंबर असतो. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, ज्यावर बाकी सगळं उभं राहतं. इंजिन बदललं की पहिल्या दोन नोंदी खोट्या झाल्या. मग ही गाडी तीच, कुठून चोरून आणलेली नाही, असं सांगणारा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे चासीवर ठोकलेला नंबर.

म्हणून आधी आरटीओला अर्ज करायचा, त्यांचं परवानगीचं पत्र आणायचं, मग काम करायचं, मग इन्स्पेक्टरपुढे गाडी उभी करायची. त्याने तपासून बुकात नवी नोंद केली की गाडी पास. इन्स्पेक्टर जिल्ह्याच्या ऑफिसातून ठरल्या दिवशी आमच्याकडे यायचे, त्याला कॅम्प म्हणायचे. कायद्यावर माझं फार प्रेम होतं अशातला भाग नाही. पण बिनकागदाची गाडी पकडली की गिऱ्हाईक पहिली शिवी मिस्त्रीला घालतं. मला शिव्या द्यायला आवडतात, खायला नाही.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक नमुने! चौक बाजूचे एक भाताचे शेतकरी जुनी जीप घेऊन आले. सोबत बैलगाडीत विहिरीवरच्या पंपाचं इंजिन. म्हणाले, "मिस्त्री, इहिरीला पानीच नाय, तर हे रिकामं बसून काय करतंय? जीपला बसवा." मी म्हटलं, "मामा, अहो याला गिअर कुठे जोडू?" तर म्हणाले, "ते तुमी बगा. मिस्त्री तुमी हाय का मी?" मी हाकलून दिलं, पण त्यांनी दुसरीकडून पट्ट्याबिट्ट्या लावून बसवून घेतलंच. इन्स्पेक्टरने पकडलं तेव्हा इंजिनच्या पाटीवर 'फक्त शेतीसाठी' असं लिहिलेलं होतं. मामा डगमगले नाहीत. म्हणाले, "साहेब, मी जीप शेतावरच नेतो ना!" इन्स्पेक्टरलाही हसू आवरेना, पण पावती फाडायची ती फाडलीच.

दुसरे रसायनीच्या एका कारखान्यातले अधिकारी. त्यांची एक चिमुकली इंग्लिश मोटार होती, लग्नात सासऱ्याने दिलेली. तिला नव्या गाडीचं इंजिन हवं होतं. "आधी बसवा हो मिस्त्री, परवानगी मागाहून आणतो." मी म्हटलं, "साहेब, बारसं आधी आणि लग्न मागाहून, असं आमच्याकडे चालत नाही." रागावून गेले. पावसाळा संपता संपता परवानगीचं पत्र घेऊन आले आणि म्हणाले, "घ्या, लग्न लावा." त्यांची गाडी मी अशी केली की सासरेबुवांनी ओळखली नसती.

हे सगळं झालं. पण आयुष्यात एकच गाडी अशी आली की तिच्यासाठी मी कॅम्पात सगळ्यांसमोर रडलो. ती हिरवी.

कर्जतजवळच्या एका गावचा दामू म्हणून टॅक्सीवाला होता. त्याचा बाप खंडाळ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर ड्रायव्हर. साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्याने आपली हिरवी अमेरिकन मोटार दामूच्या बापाला देऊन टाकली. बाप गेल्यावर दामू ती कर्जत स्टेशनपासून आतल्या गावांना टॅक्सी म्हणून चालवायचा. त्या भागातल्या निम्म्या नवऱ्या हिरवीतून सासरी गेल्या, आणि त्यातल्या कितीतरी पहिल्या बाळंतपणाला हिरवीतूनच दवाखान्यात पोचल्या. एसटी नाही तिथे हिरवी जायची. लोक गाडीला गाडी म्हणायचे नाहीत. "हिरवी आली का रं?" एवढंच विचारायचे.

दामू स्वच्छतेचा मोठा. गाडी इतकी पुसायचा की काही ठिकाणी रंगाखालचा पत्रा डोकवायला लागला होता. त्याच्या या खोडीने पुढे काय केलं ते सांगतोच.

एके दिवशी हिरवी ट्रकच्या मागे दोराने बांधून माझ्या दारात आली. इंजिनचा ब्लॉक, म्हणजे त्याचं मुख्य धडच, फुटला होता. त्या इंजिनचा सुटा भाग मुंबईतही मिळणं मुश्किल. दामूचं तोंड एवढंसं झालेलं.

"आप्पा, हापिसानं बजावलंय. दिवाळीआधीच्या कॅम्पात गाडी पास करून दाखव, नायतर टॅक्सीचं परमिट रद्द."

"मग दुसरी गाडी घे."

"कशावर घेऊ? आन् परमिट एकदा गेलं की मला परत कोन देतंय? दुसऱ्याला देतील. मला गाडी चालवायची सोडून काय येतं, सांगा!"

त्याच्याबरोबर त्याची आई आली होती. तिला सगळे आक्का म्हणायचे. नऊवारीचा काष्टा, कपाळावर गोंदण आणि आवाज असा की घाटात हॉर्नची गरज पडू नये. ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मिस्त्री, पोराचा बाप या गाडीला भाऊ बोलायचा. ती भंगारात जाया नाय पायजे. बोला, करता का?"

मी म्हटलं, करतो. काय म्हणणार दुसरं? त्या बाईला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

मग तिने मला बाजूला नेलं आणि डाव्या हाताचं पुढचं दार उघडलं. बिजागऱ्या असतात त्या खांबावर शेंदराचा तळहाताएवढा जाड थर होता. म्हणाली, "सगळं खोला, सगळं तोडा, पर एवढ्याला हात लावायचा नाय. हा गाडीचा देव हाय."

आमच्याकडे खंडेनवमीला गाडी-अवजारांची पूजा होतेच. कुणी बॉनेटवर हळदकुंकू वाहतं, कुणी स्टिअरिंगला हार घालतं. आक्का खांबाला शेंदूर लावत असेल, त्यात माझं काय जातं? मी हात जोडले आणि कामाला लागलो.

अर्ज केला. त्याआधी गाडीखाली शिरून चासीचा नंबर रॉकेलने धुतला, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि नंबरची छाप उमटवून अर्जाला जोडली. एक छाप माझ्याकडे ठेवली. अपघातात गेलेल्या एका टेंपोचं इंजिन लिलावातून घेतलं होतं, त्याची पावती लावली. यथावकाश परवानगीचं पत्र आलं आणि मग खरी मजा सुरू झाली.

डिझेल इंजिन म्हणजे अंगाने जड आणि स्वभावाने तापट, माझ्यासारखं. हिरवीत ठेवल्याबरोबर पुढची बाजू खाली बसली, म्हणून स्प्रिंगांखाली आधार दिले. इंजिन एका देशाचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या देशाचा, त्यांची भोकं जुळेनात. मध्ये बसवायला एक जाड प्लेट आमच्या गावातल्या टर्नरकडून कातून घेतली. तो म्हणाला, "आप्पा, हा प्रेमविवाह टिकायचा नाही." मी म्हटलं, "तू प्लेट काप, मंगलाष्टका मी म्हणतो." पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा गाडी अशी थरथरली की आरसा गळून पडला. इंजिनखालची रबरं बदलली, परत बदलली, तेव्हा कुठे ती शांत झाली.

मग वायपर बंद पडले. जुन्या गाड्यांचे वायपर पेट्रोल इंजिन हवा खेचतं त्या ओढीवर चालायचे. डिझेलला ती ओढ नसते. ट्रकच्या वायपरची मोटर आणून बसवली. जुनी बॅटरी सहा व्होल्टची, नव्या इंजिनला बारा लागते, म्हणून दिवे झाडून सगळे बदलले. हॉर्न मात्र दामू बदलू देईना. "तो आवाज बापाचा हाय, आप्पा." सहाच्या हॉर्नला बाराचा करंट दिला तर तो जळणार. म्हणून त्याच्यापुरती वेगळी जोडणी काढून दिली. आवाज तोच राहिला, फक्त थोडा तरणा झाला.

आणि मग घाट! गॅरेजमधली सगळी माणसं आत कोंबून आम्ही हिरवी बोरघाटात घातली. पेट्रोलवर असताना ती अर्ध्यात उकळायची आणि दामू पाण्याचा डबा घेऊन धावायचा. त्या दिवशी ती ट्रकना मागे टाकत वर गेली. दामू दर वळणाला हॉर्न वाजवत होता आणि रडत होता. वर पोचल्यावर माझ्या पाया पडायला लागला. मी म्हटलं, "अरे गाढवा, पाया कसला पडतोस, हँडब्रेक ओढ आधी!"

कॅम्पाच्या दोन दिवस आधी दामू म्हणाला, "साहेबापुढं न्यायच्या आधी घरी नेतो, गावदेवीला दाखवतो." मी नेऊ दिली. गाडी त्याची, गावदेवी त्याची.

कॅम्प भरायचा नदीकाठच्या मैदानात. टॅक्सी, टेंपो, ट्रक ओळीने उभे, आणि झाडाखाली टेबल टाकून इन्स्पेक्टर प्रधान साहेब. शिडशिडीत माणूस, पांढरीशुभ्र पँट, खिशात घडीचा रुमाल. कॅम्पात कुणाच्या चहालाही शिवायचे नाहीत. लोक त्यांना घाबरायचे, पण त्यांनी उगाच अडवलं असं कुणी कधी म्हटलं नाही. गाडी कळणारा माणूस होता.

हिरवी आली ती नवरीसारखी सजून. झेंडूचे हार, चकचकीत काचा. मागच्या सीटवर आक्का, मांडीवर पिशवीत नारळ, वात आणि तेलाची बाटली. साहेबांनी ब्रेक बघितले, उत्तम. दिवे बघितले, उत्तम. वायपर चालू करून बघितला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. इंजिनचा नंबर परवानगीच्या पत्राशी ताडून पाहिला, बरोबर. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

"चासी नंबर दाखवा," साहेब म्हणाले.

दामू छाती पुढे काढून म्हणाला, "खालती बगा साहेब! आरशासारकी केलीय."

साहेब पोतं टाकून गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "मिस्त्री, जरा तुम्ही या खाली."

मी गेलो. चासी काळ्या ऑइलपेंटने लखलखत होती. आणि जिथे मी रॉकेलने नंबर धुतला होता, तिथे गुळगुळीत लोखंड. बोट फिरवलं, काही नाही. परत फिरवलं. तरी काहीच नाही.

बाहेर येऊन दामूची कॉलरच धरली. "काय केलंस रे तू?"

"मी काय केलं? मेव्हन्यानं गिरमिट... ते काय ते, ग्राइंडर आनलंता दुकानातनं. साहेब खाली वाकून बघनार, गंज दिसाया नको म्हनून घासून काढलं, वर पेंट मारला."

"दाम्या, तो गंज नव्हता रे! तो नंबर होता!"

दिवाळीत बायका तांब्यापितळेची भांडी घासतात, तशी या शहाण्याने साहेबाच्या मानासाठी चासी घासली होती. मी त्याला जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

साहेब शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, इंजिन बदललेलं आणि चासीचा नंबर घासलेला. अशा गाडीला काय म्हणतात ते मी तुम्हाला सांगायला नको. मला ही ताब्यात घ्यावी लागेल."

मी खिशातून पेन्सिलची छाप काढली. "साहेब, ही बघा, मी स्वतः उमटवलेली. अर्जालाही जोडलीय."

"छाप मी पाहिली आहे. पण मी कागद पास करू का? मला लोखंडावरचा नंबर हवा." त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. त्या टोपणाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दामू मातीतच बसला. "गेलं, आप्पा. माज्याच हातानं गेलं." माझेही डोळे भरून आले, आणि मी काही लपवलं नाही. एवढा प्रेमविवाह जुळवला, घाट चढवला, आणि आता ती नंबर नसलेली गाडी म्हणून सरकारी कुंपणात गंजत पडणार! आणि या पोराच्या हातात काही उरणार नाही.

साहेब दोन पावलं गेले आणि थांबले. मागे वळून हिरवीकडे बघत राहिले. "या बनावटीच्या काही गाड्यांना दाराच्या खांबावर एक पट्टी असते," ते म्हणाले. "त्यावरही नंबर असतो. बघू." त्यांनी उजवं दार उघडलं, काही नाही. मग डावीकडे आले आणि दार उघडलं.

"हे काय?"

"देव," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या अंगावर काटा आला. मी गाडीत डोकं घातलं. "आक्का, हा देव गाडीवर कुठून आला?"

"कुठनं म्हंजे? गाडीबरोबरच आला. गाडी दारात आली त्या दिशी मी ववाळाया गेली, दार उघडलं तर आतमंदी टाक. पितळंचा. आपल्या देव्हाऱ्यात असतात ना, तसाच. वर बारीक बारीक काय काय उठवलेलं. मी पोराच्या बापाला बोलली, गोऱ्या साहेबाची गाडी, पर आत देव आपला. तवापास्नं दर दसऱ्याला शेंदूर लावते."

घरच्या कुळदैवतांच्या धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या प्रतिमा म्हणजे टाक. आक्काला वाचता येत नव्हतं. तिने पितळी पट्टी पाहिली, वर उठवलेली अक्षरं पाहिली आणि टाक म्हणून हात जोडले. मी स्क्रू-ड्रायव्हर काढला. फटाक! आक्काने माझ्या मनगटावर फटका मारला.

"देवाचं कवच हत्यारानं काढतात व्हय? ते आपसूक सुटतं, मंग नदीत सोडायचं."

साहेब वाकून म्हणाले, "आजी, त्याच्याखाली नंबर असेल तर गाडी वाचेल. नाहीतर मला न्यावी लागेल. मी थांबू शकत नाही हो."

आक्काने मातीत बसलेल्या पोराकडे पाहिलं. ओठ नुसते हलत होते, देवाशी बोलत असणार. मग ती गाडीतून उतरली आणि पदर खोचला.

"काढते. पर मीच काढीन, कोनी हात लावायचा नाय. आन् समदे पायतानं काढा. मिस्त्री, तुमी पन. साहेब, तुमी पन."

मैदानातल्या सगळ्या ड्रायव्हरांनी चपला काढल्या. साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग एका पायावर तोल सावरत बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, आणि पांढऱ्या पँटीतला तो कडक माणूस आमच्याबरोबर अनवाणी उभा राहिला.

आक्काने पिशवीतली बाटली काढून शेंदराच्या कडेकडेने तेल सोडलं. ऊन होतंच, गाडीचा पत्रा तापलेला होता. ती अंगठ्याने दाबत राहिली, पुटपुटत राहिली. "सूट रं देवा. पोरासाठी सूट. तुला नवा लावीन." कडेला एक फट पडली, तिने नखं घातली, आणि सगळं कवच अख्खंच्या अख्खं तिच्या ओंजळीत आलं.

खाली पितळी पट्टी. इतकी वर्षं कोकणातला पाऊस खाल्लेली गाडी, दारं सडलेली, मडगार्डं दोनदा बदललेली, आणि ही पट्टी कालच कारखान्यातून आल्यासारखी पिवळीधमक. तेलाशेंदराने तिला वारा लागू दिला नव्हता. आणि तिच्यावर नंबर! एकेक आकडा ठसठशीत!

"दामू, बुक काढ, वाच!" साहेब ओरडले. हो, ओरडले. दामू उठून एकेक आकडा वाचू लागला, साहेब पट्टीवर बोट ठेवत "बरोबर... बरोबर..." म्हणत गेले, आणि मागे उभे असलेले ड्रायव्हरही सुरात "बरोबर!" म्हणू लागले. शेवटचा आकडा झाला आणि मैदानात जो गलका उठला! एकामागून एक सगळ्या ट्रकचे हॉर्न वाजू लागले.

मी मात्र साहेबांकडे बघत होतो. मनात शंका होतीच, ते म्हणतील पट्टी काय, कुणीही आणून ठोकेल. साहेबांनी आक्कापुढे दोन्ही हात केले. "आजी, जरा बघू?" तिने कवच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं केलं. आतल्या बाजूला त्याच नंबरची छाप उमटली होती, उलट्या आकड्यांत. कडेला शेंदराचे थर दिसत होते, फिके, गडद, परत फिके, दर दसऱ्याचा एक.

"मिस्त्री," साहेब हळू आवाजात म्हणाले, "खोटी पट्टी कुणी बसवली असती तर त्यावर एवढे दसरे कुठून आणले असते? तुमच्या पेन्सिलीपेक्षा आजींची छाप पक्की आहे."

त्यांनी तिथल्या तिथे लेखी आदेश काढला. त्यांच्यासमोर मी चासीवर तोच नंबर आकड्यांच्या लोखंडी पंचाने परत ठोकला. हातोडीचा एकेक घाव घालताना दामू शेजारी उकिडवा बसून बघत होता, जणू त्याचं नाव कोरलं जात होतं. मग साहेबांनी बूट घालून टेबलाशी बसून बुकात नोंद केली. इंजिन बदललं, इंधन डिझेल, सही, शिक्का. शिक्का आपटला तसा मी खाली बसलो आणि पोरासारखा रडलो. लोक हसत होते, मी रडत होतो, दामू हिरवीच्या बॉनेटला मिठी मारून होता. आणि साहेब म्हणाले, "मिस्त्री, चहा मिळेल का हो?"

आक्काने कवच नारळाबरोबर पाताळगंगेत सोडलं. वरच्या वीजघरातून पाणी नुकतंच सुटलं होतं, नदी भरून चालली होती. मग तिने साहेबांना गाठलं. "साहेब, आता मी शेंदूर कुठं लावू?" साहेबांनी खूप गंभीर होऊन विचार केला आणि म्हणाले, "आजी, नंबर मोकळा ठेवा. शेजारी एक टिकली पुरे." तिनेही विचार केला आणि म्हणाली, "चालंल. देवाला बगाया तरी येईल."

हिरवी त्यानंतर कितीतरी वर्षं चालली. जिल्ह्याचं नाव कुलाब्याचं रायगड झालं तरी ती कर्जत स्टेशनबाहेर उभी असायची. आता तशा गाड्याही नाहीत आणि इंजिन बदलून घेणारी माणसंही नाहीत. माझा मुलगा गाड्या विकतो, उघडत नाही. कधी कधी वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्या भागात अजून कुणी भेटलं तर म्हणतं, "आप्पा, हिरवी तुमी पास केलीती ना?" मी म्हणतो, मी नाही रे बाबा, आक्काने.

टॅक्सी दर वर्षी तपासायला न्यावी लागते. एका वर्षी दसऱ्याच्या आधी आक्का गेली. त्या वर्षीच्या कॅम्पाला दामू डोकं भादरलेला, हिरवी घेऊन एकटाच आला. गाडीला हार नव्हते. मागची सीट रिकामी होती. पट्टीशेजारची टिकली दामूच्या बायकोने लावली होती, जरा वाकडी.

प्रधान साहेबांची बढती झालेली, केस पिकलेले, तरी त्या कॅम्पाला तेच आले होते. त्यांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले. मग डावीकडे आले. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि थांबले. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांनी वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, आणि मग दार उघडलं.

दामूने माझा हात घट्ट धरला. हिरवी पास झाली.